माफीच्या साक्षीदाराची कुळकथा

शपथा घेऊन, खोटी नावे धारण करून आणि देशोदेशी जाळे पसरून माणसे मारणाऱ्या गुप्त संघटना गेल्या दोन शतकांत अनेक उदयास आल्या व लयास गेल्या. त्यांच्या ऱ्हासाचे श्रेय कोणी सैन्याच्या पराक्रमास देतो, कोणी हेरखात्याच्या चातुर्यास, कोणी लोकमताच्या पालटास, आणि या प्रत्येकात काही तथ्य आहे. परंतु फौजदारी खटल्यांची दप्तरे चाळू लागले की, ज्याने त्या मंडळीत बसून कट रचले आणि पुढे शिक्षा माफ होण्याच्या वचनावर ज्याने सर्व हकीकत सरकारपुढे ओकली, अशा एखाद्या माणसाची जबानी वारंवार मुळाशी सापडते. या माणसाची, म्हणजे माफीच्या साक्षीदाराची, कुळकथा सांगण्याजोगी आहे.

स्वतःचा गुन्हा कबूल करून साथीदारांची नावे सांगणाऱ्यास जीवदान देण्याची वहिवाट इंग्लंडात मध्ययुगापासून होती. तिला एका मोठ्या मोहिमेचे शस्त्र बनवले ते मात्र आपल्याच देशात, जबलपूरच्या परिसरात, कंपनी सरकारचा अधिकारी विल्यम स्लीमन याने. १८३० च्या सुमारास फिरंगिया नावाचा ठगांचा जमादार त्याच्या हाती लागला व जीवदानाच्या अटीवर बोलू लागला. स्लीमनचा मुक्काम एका आंबराईत पडला असता या फिरंगियाने त्याच्या तंबूभोवतीच्या तीन जागा दाखवल्या: तंबूच्या दोरांखाली १८१८ साली मारलेला एक पंडित व त्याचे सहा सोबती, घोडे बांधले होते तेथे १८२४ साली मारलेला हवालदार व चार शिपाई, आणि प्रत्यक्ष निजण्याच्या तंबूखाली गंगाजळाच्या कावडी वाहणारे चार ब्राह्मण व एक स्त्री. स्लीमनने जमीन खणवली, आणि सांगितल्या जागी प्रेते निघाली.

खणल्यावर प्रेते निघाली, म्हणूनच त्या जबानीला पुराव्याचे मोल आले. पुढे मात्र हा विवेक सुटला. १८३६ च्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे एवढेच जन्मठेपेस पुरेसे ठरले, आणि टोळीत कोण होता हे बहुधा माफीचा साक्षीदारच सांगू लागला. समोरच्या हाकिमाला जे ऐकावयाचे आहे ते सांगण्यातच ज्याचा जीव वाचणार, तो सत्याची मर्यादा कितपत पाळील? अखिल हिंदुस्थानभर पसरलेल्या, देवीच्या आज्ञेने गळे आवळणाऱ्या पंथाचे जे चित्र स्लीमनने रंगवले, त्याविषयी आजचे अनेक इतिहासकार साशंक आहेत ते याच कारणाने. हा दोष या पद्धतीला जन्मापासूनच जडलेला आहे.

शिवाय शस्त्राला हेतूची पारख नसते. परकी सत्तेने हेच साधन देशभक्तांवरही चालवले. १९०८ साली अलीपूरच्या बाँब खटल्यात माफीचा साक्षीदार झालेल्या नरेंद्रनाथ गोस्वामीला कन्हाईलाल दत्त व सत्येंद्रनाथ बोस यांनी तुरुंगातच गोळ्या घातल्या, आणि त्यापूर्वी पुण्यात द्रविड बंधूंना फितुरीबद्दल चापेकरांनी देहान्त दिला होता. माफीच्या साक्षीदाराविषयी आपल्या समाजमनात जी घृणा आहे, तिचे मूळ या इतिहासात आहे, आणि ती घृणा मी अनाठायी मानत नाही. परंतु जेथे लोकसत्ताक राज्य आहे आणि मरणारे निरपराध नागरिक आहेत, तेथे प्रश्न निराळा होतो.

याचे सर्वांत बोधक उदाहरण इटलीचे. १९७० साली स्थापन झालेल्या ‘रेड ब्रिगेड्स’ या अतिडाव्या गुप्त संघटनेने १६ मार्च १९७८ रोजी माजी पंतप्रधान आल्दो मोरो यांचे रोममध्ये भररस्त्यातून अपहरण केले, त्यांचे पाच अंगरक्षक ठार मारले, आणि ९ मे रोजी मोरोंचा देह एका मोटारीत टाकून दिलेला मिळाला. संघटनेची रचना अशी की, प्रत्येक शहराची तुकडी स्वतंत्र आणि एकाला दुसऱ्याचे खरे नावही ठाऊक नाही. त्यामुळे शंभर शिपायांना पकडूनही जे कळले नसते ते तुकडीचा एक प्रमुख बोलला तर कळणार होते. फेब्रुवारी १९८० मध्ये, सहकार्य करणाऱ्यास शिक्षेत सूट देणारा कायदा पक्का झाला त्याच महिन्यात, तूरिनच्या तुकडीचा प्रमुख पात्रित्सियो पेची पकडला गेला आणि तपास करणारे सेनानी दाल्ला किएसा यांच्यापुढे त्याने नावे, घरे, शस्त्रसाठे सर्व सांगितले. संघटनेने सूड घेतला तो त्याच्या भावावर: रोबेर्तो पेचीला १९८१ मध्ये पळवून, त्याचे चित्रीकरण करून, ठार मारण्यात आले. परंतु सुटलेला धागा आता थांबणारा नव्हता. त्याच वर्षी डिसेंबरात संघटनेने अमेरिकन सेनानी डोझियर यांना पळवले, आणि जानेवारी १९८२ मध्ये पादुआ येथे पोलिसांनी त्यांना सोडवले, तेव्हा पकडलेला, अपहरणकर्त्यांपैकी आंतोनियो साव्हास्ताही बोलू लागला. मे १९८२ च्या कायद्याने जन्मठेपेच्या जागी दहा ते बारा वर्षांची शिक्षा देऊ केली, तीही ३१ जानेवारी १९८२ पर्यंत घडलेल्या गुन्ह्यांपुरतीच. दशक सरण्यापूर्वी त्या संघटनेचा कणा मोडला.

त्याची किंमतही इटलीने मोजली. वॉल्टर तोबाजी या पत्रकाराच्या मारेकऱ्यांपैकी एकाने सर्व कबुली दिली म्हणून १९८३ च्या निकालाबरोबरच त्याची हंगामी मुक्तता झाली, आणि देश संतापला. त्या संतापाला अन्याय्य म्हणवत नाही. उत्तर आयर्लंडात तर अशा एकेका साक्षीदाराच्या शब्दावर, ज्यूरीवाचून, डझनांनी माणसे दोषी ठरवली गेली व १९८६ पर्यंत त्यांतल्या बऱ्याच शिक्षा अपिलात रद्द झाल्या.

‘अल् कायदा’ची अंतर्गत रचना उघड न्यायालयात प्रथम मांडली गेली तीही अशाच एकाकडून. संघटनेचे सुमारे १,१०,००० डॉलर लाटून पळालेला जमाल अल् फद्ल १९९६ साली एरिट्रियातील अमेरिकन वकिलातीत आला, आणि २००१ साली न्यूयॉर्कमध्ये, नैरोबी व दारेसलाम येथील अमेरिकन वकिलातींवरील स्फोटांतील २२४ बळींच्या खटल्यात, त्याने बिन लादेनच्या मंडळांची, पैशांची व शपथेची हकीकत सांगितली.

आणि मुंबई. ताडदेवात कचेरी थाटून ताजमहाल हॉटेलाची चित्रे व समुद्रातून उतरण्याच्या जागा टिपणारा डेव्हिड हेडली याला १० डिसेंबर २०१५ रोजी मुंबईच्या विशेष न्यायालयाने सशर्त माफी दिली, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये अमेरिकेच्या तुरुंगातून पडद्यावर त्याने लष्कर-ए-तोयबाची जी जबानी दिली तिच्यासाठी मुंबईवरील हल्ल्यात मारल्या गेलेल्या १६६ जणांचे आप्त सात वर्षे थांबले होते. या माफीने तो सुटलेला नाही. अमेरिकन न्यायालयाने दिलेली पस्तीस वर्षांची शिक्षा कायम आहे.

अशा साक्षीवर अंकुश कसा ठेवावा? आपल्या १८७२ च्या पुरावा कायद्यात एक कलम म्हणे, साथीदाराच्या निव्वळ शब्दावर दिलेली शिक्षा बेकायदा नव्हे, आणि दुसरे म्हणे, त्याच्या शब्दाला दुजोरा असल्यावाचून तो विश्वासपात्र नाही असे न्यायालयाला गृहीत धरता येईल. न्यायालयांनी दुसऱ्याचीच वाट धरली. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमात तो दुजोरा शिक्षेच्या कलमातच लिहिला गेला आहे, आणि ही दुरुस्ती योग्य झाली असे माझे स्पष्ट मत आहे.