दुपट्यावरचा डाग आणि वजनाचा काटा

जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. अंबड-घनसावंगीकडच्या बागांतून ती दूरदूरच्या बाजारांत जाते. घरातल्या बाळंतिणीपर्यंत मात्र पोचत नाही. "आंबट खाल्लं की दूध आंबट होतं आन् लेकरू ओकतं," हा ओसरीवरचा निकाल. लेकराने खांद्यावर दह्यासारखी गुळणी टाकली की तो पक्का होतो. मग कोणीतरी हळूच म्हणते, "माय, तुझं दूधच पचंना त्याला." दिवे लागायच्या आत घरात पावडरचा डबा येतो.

त्या निकालाविरुद्ध हे अपील आहे. न्यायासनावर वाचक.

प्रथम पूर्वपक्ष, आणि तो पुरता मांडू. एक, बाहेर आलेले दूध फुटलेले आणि आंबूस असते. म्हणजे ते पचलेले नाही. दोन, आई जे खाते त्याचा अंश दुधात उतरतो. म्हणून पथ्य हवे. चरकानेही दुधाचे आठ दोष सांगितले आहेत. तीन, वाटीत काढलेले दूध निळसर, पाणीदार दिसते. ते पोटात टिकणार कसे? चार, लेकरू रडते, म्हणजे त्याला त्रास आहे आणि त्रासावर औषध हवेच. हे सांगणाऱ्या आजीने पाच-सात लेकरे वाढवलेली असतात. तिची माया आणि तिचा अनुभव, दोन्हींना नमस्कार. वाद फक्त अनुमानाशी आहे.

पहिला मुद्दा फुटलेल्या दुधाचा. जठरातले आम्ल आणि पाचकरस भिडले की दूध फुटते, त्याच्या गुठळ्या होतात. तुम्हीआम्ही पेलाभर दूध प्यालो तरी हेच घडते. आपल्याला ते दिसत नाही, इतकेच. आंबूस वास येतो तोही जठररसाचा. म्हणजे ज्या गुठळ्यांना आपण अपचनाचा पुरावा म्हणतो, त्या पचन सुरू झाल्याची खूण आहेत.

मग दूध वर का येते? अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूचे एक वेढे असते. तान्ह्या बाळात ते वारंवार, अवेळी सैल पडते. जठर लहान, अन्न सारे पातळ, आणि दिवसाचा बहुतेक वेळ बाळ आडवे. तोंडोतोंड भरलेला, सैल झाकणाचा तांब्या आडवा केला तर पाणी सांडणारच. दोष पाण्याचा की झाकणाचा?

पहिल्या तीन महिन्यांत सुमारे निम्मी बाळे दिवसातून एकदा तरी दूध टाकतात. चौथ्या महिन्याच्या आसपास हे प्रमाण आणखी वाढते आणि वर्षाच्या सुमारास बहुतेकांचे आपोआप थांबते. निम्म्या आयांचे दूध नासके निघावे आणि वर्ष भरता भरता ते सुधारावे, हे कोणाला पटेल? बाळाला उचकी लागली की "आतडं वाढतंय" म्हणून आपण हसतो. गुळणीलाच एवढी कठोर शिक्षा का?

दुसरा मुद्दा मोसंबीचा. आईचे दूध तिच्या रक्तातून घडते. रक्ताचा सामू, म्हणजे पीएच, फुफ्फुसे आणि मूत्रपिंडे 7.35 ते 7.45 या अरुंद पट्ट्यात राखतात. दोन मोसंब्यांनी तो ढळत नाही, की दूध आंबत नाही. चवीवासाचे अंश दुधात उतरतात, हे मात्र मान्य. अमेरिकेतल्या मेनेला आणि बोशँप यांनी 1991 मध्ये आयांना लसूण देऊन पाहिला. दुधाचा वास बदलला आणि बाळे अधिक वेळ चिकटून प्याली! चरकाचे म्हणाल, तर दूध बिघडले असता त्याने उपचार सांगितला तो दूध पाजणारीला. प्रत्येक गुळणीला दूध तोडा, असे चरक म्हणत नाही.

याला एक अपवाद आहे आणि तो लपवणार नाही. आईने घेतलेल्या गाई-म्हशीच्या दुधातली प्रथिने तिच्या दुधात किंचित उतरतात आणि फार थोड्या बाळांना ती सोसत नाहीत. शौचात रक्त, अंगावर इसब, वजन न वाढणे ही त्याची लक्षणे. अशा वेळी डॉक्टरांच्या सल्ल्याने आई दोन ते चार आठवडे स्वतःचे दूधदुभते सोडून पाहते. गंमत पाहा, संशय खरा ठरला तरी आरोपी निघते ती बाळंतिणीला आग्रहाने पाजलेली दुधाची वाटी. मोसंबी तेव्हाही निर्दोष.

तिसरा मुद्दा पातळ दुधाचा. पाजायला घेतल्यावर आधी येणारे दूध पातळ असते. स्तन रिकामा होत जातो तसे ते स्निग्ध होते. वाटीत काढून पारखले जाते ते बहुधा पहिले दूध. तांदळाची पहिली मूठ पाहून पोत्याचा भाव ठरवणे म्हणतात ते हेच. शिवाय आईचे दूध जठरातून पावडरच्या दुधापेक्षा लवकर पुढे सरकते. जे लवकर खाली उतरते ते सोडून जे रेंगाळते ते द्यायचे, हा कोणता न्याय? काढलेल्या दुधात तांदळाचे पीठ मिसळण्याची युक्तीही फसते. आईच्या दुधात पिष्ट पचवणारे विकर असते; ते दाटपणा मोडून टाकते. उरला पावडरचा डबा. 1992 च्या केंद्रीय कायद्याने त्याच्यावरच छापायला लावले आहे की बाळाला आईचे दूध सर्वोत्तम. पूर्वपक्षाचा साक्षीदारच आपल्या बाजूने बोलतो.

चौथा मुद्दा औषधाचा. पाजल्यानंतर रडणाऱ्या 162 बाळांवर सुसान ओरेनस्टीन आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये चाचणी प्रसिद्ध केली. 81 जणांना आम्ल कमी करणारे लॅन्सोप्राझोल दिले, 81 जणांना नुसते दिखाऊ औषध. दोन्हींकडे बरे वाटलेली बाळे प्रत्येकी 44. गंभीर दुष्परिणाम मात्र औषधाच्या गटात 10 बाळांना, दुसऱ्यात 2. गुण काळाचा होता, श्रेय बाटलीला मिळत होते. गुटी मधात उगाळून देणे तर त्याहून वाईट. मधातून होणाऱ्या बॉट्युलिझमच्या विषबाधेमुळे वर्षाच्या आत मध वर्ज्यच.

"उताणं झोपवलं तर दूध नरड्यात अडकंल," ही आणखी एक भीती. बाळ उताणे असते तेव्हा श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते. उलटून आलेले दूध खालीच साचते. पालथे घातले की हे उलटे होते. अमेरिकेत 1994 पासून बाळांना उताणे झोपवण्याची मोहीम चालली. झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण निम्म्यावर आले; दूध श्वासात जाऊन होणारे मृत्यू वाढले नाहीत.

मग करायचे काय? थोडे थोडे, पण वरचेवर पाजावे. एक बाजू पुरती रिकामी झाल्यावर दुसरी द्यावी. ढेकर काढावी. वीसेक मिनिटे खांद्याशी उभे धरावे. पोटावर लंगोट आवळू नये, पाजल्याबरोबर हिंदकळवू नये.

आणि पूर्वपक्षाची काळजी जिथे सार्थ आहे तिथे क्षणही दवडू नये. उलटी हिरवी असेल किंवा तिच्यात रक्त असेल, ती पिचकारीसारखी दूर उडत असेल, पोट फुगले असेल, बाळ मलूल असेल, पीत नसेल, त्याला ताप असेल, लघवी कमी झाली असेल, तर थेट दवाखाना. तिथे घरगुती वाद नको.

एरवी न्याय कशावर करायचा? एक प्रयोग करा. दोन चमचे दूध कोरड्या दुपट्यावर सांडा. तळहाताएवढा डाग पडेल. वाटेल, सगळे प्यालेले बाहेर आले. दुपटे मोठा बढाईखोर साक्षीदार आहे. खरा साक्षीदार आशाताईच्या, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्तीच्या, पिशवीत असतो, तो म्हणजे वजनाचा काटा. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवले. त्याचे निष्कर्ष 1999 मध्ये 'लॅन्सेट'ने छापले आणि पुढे ही पद्धत देशभर गेली. म्हणून आज दवाखान्यात बाळंतपण झाले, तर आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी दारात येते. दोन आठवड्यांत जन्माचे वजन भरून निघाले, पुढे रोज वीस-तीस ग्रॅमची भर पडते आहे, दिवसाकाठी सहा लंगोट भिजत आहेत, तर दूध पचते आहे. जे बाहेर आले त्यावरून नव्हे, जे आत राहिले त्यावरून दुधाची परीक्षा.

दोन्ही बाजू मांडल्या. निकाल वाचकांनी द्यावा. तो लागेपर्यंत आजीने एवढे करावे, नातवाला खांद्यावर उभे धरावे आणि सुनेला एक मोसंबी सोलून द्यायला सांगावे.