लाल रेघ कुठून आली?

मागच्या भागात आपण बघितलं, १९९५ च्या मे महिन्यात ब्रेंडन आइकनं जावास्क्रिप्टचा पहिला नमुना १० दिवसांत उभा केला. आज त्या घाईचं बिल. माझ्या नावावरही फाटलं होतं ते.

पहिल्या नोकरीत मी एका दुकानाच्या साइटसाठी एकूण रक्कम काढणारं फंक्शन लिहिलं. 'रिटर्न' लिहिलं, एंटर मारला, आणि 'किंमत अधिक कर' खालच्या ओळीवर. दिसायला सुटसुटीत! पण रिटर्ननंतर ओळ संपली की जावास्क्रिप्ट तिथं स्वतःच सेमीकोलन आहे असं धरते. खालची ओळ कधी चाललीच नाही. एरर नाही, काही नाही. गिऱ्हाइकाला रकमेच्या जागी दिसलं 'अनडिफाइन्ड'. शनिवारी दुपारी दुकानमालकांचा फोन, "अहो, हे काय छापलंय?" ती ओळ सापडायला रात्रीचे अकरा वाजले.

गंमत म्हणजे असल्या चुका पकडायचा उपाय माझ्या जन्माआधीचा आहे. १९७८, बेल लॅब्स, स्टीफन जॉन्सन. युनिक्स एका मशीनवरून दुसऱ्यावर न्यायचं काम चालू होतं आणि सीचा कंपायलर तेव्हा भलताच मवाळ होता. एका फाइलमधल्या फंक्शनला दुसऱ्या फाइलमधून चुकीच्या प्रकारचा डेटा दिला तरी तो गप्प. जॉन्सननं वेगळा प्रोग्राम लिहिला, जो कोड चालवत नाही, फक्त वाचतो आणि शंका काढतो. नाव ठेवलं 'लिंट'. म्हणजे कपड्याला चिकटलेले बारीक तंतू. शर्ट घालता येतो, पण झटकलेला बरा.

जावास्क्रिप्टला तसा माणूस २००२ मध्ये भेटला, डग्लस क्रॉकफर्ड. त्याचं जेएसलिंट म्हणजे कडक मास्तर. चूक आणि त्याची आवडनिवड यात फरकच नाही. लायसन्समध्येही अट, हे चांगल्या कामाला वापरा, वाईटाला नाही! लोक वैतागले, आणि २०११ मध्ये त्यातूनच थोडं मोकळं जेएसहिंट फुटलं. पण स्वतःचा नियम जोडायची सोय तिथंही नव्हती. ती निकोलस झाकासनं २०१३ मध्ये ईएसलिंटमध्ये दिली. प्रत्येक नियम सुटा, हवा तर चालू, नको तर बंद. माझ्या मते खरी उडी हीच.

आणि एडिटरमधली रेघ? आधी प्रत्येक एडिटरला प्रत्येक भाषेसाठी वेगळं जुगाड लागायचं. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं एडिटर आणि तपासणारा प्रोग्राम यांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचे नियमच खुले केले. व्हीएस कोडचं ईएसलिंट एक्स्टेंशन त्यावरच चालतं.

फक्त एक. बरेच जण एक्स्टेंशन टाकतात आणि म्हणतात, रेघ येतच नाही. एक्स्टेंशन हा नुसता निरोप्या आहे. ईएसलिंट प्रोजेक्टमध्ये वेगळं इन्स्टॉल करावं लागतं, शिवाय नियमांची कॉन्फिग फाइल हवी. आवृत्ती ९ पासून त्या फाइलची पद्धतही बदललीय, त्यामुळे जुना व्हिडिओ बघून करत असाल तर आधी तारीख बघा. माझी ती रिटर्नची ओळ मी नंतर त्यात टाकून पाहिली. लगेच आलं, खालचा कोड कधीच चालणार नाही.