शाळेचा पैसा आणि आपलं पोर

वर्धापन दिन जवळ आला की आम्ही वर्गणीचा हिशेब मांडायला बसतो. कोणी पाच रुपये दिलेले असतात, कोणी पाचशे. पै-पैचा हिशेब विहाराच्या फळ्यावर लागतो. एखादी पावती सापडली नाही तर मागच्या रांगेतली म्हातारी आजीसुद्धा उठून विचारते, "बाबांनो, आमचे पैसे गेले कुठं?" हे चांगलंच आहे. विचारलंच पाहिजे. पण ज्या पैशावर आपल्या पोराबाळांचं शिक्षण चालतं, त्या सरकारी शाळेच्या पैशाचा हिशेब आपण कधी विचारला आहे काय? शाळेवर होणारा खर्च खरोखर पोराच्या पाटीपर्यंत पोहोचतो काय? हा प्रश्न नवा नाही. आपल्या महाडच्या मातीत तो शंभर वर्षांपूर्वीच उभा राहिला आहे. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने तो इतिहास आपल्या सर्व कुटुंबांपुढे ठेवावा, असे आम्हांस वाटले.

इंग्रजी अमलात, १८६३ च्या सुमारास, मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड बसवला गेला. त्यातला तिसरा हिस्सा शाळांसाठी होता. म्हणजे शाळा चालायची ती राबणाऱ्याच्या घामावर. पण त्या शाळेत बसायचं कोणी? याचं उत्तर त्याआधीच मिळालं होतं. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला, आणि तो नाकारला गेला. पुढे १८५८ साली सरकारने जाहीर केले की, सर्वस्वी सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व जातींना खुल्या राहतील. कागदावर दार उघडलं. प्रत्यक्षात आपली पोरं कित्येक वर्षं ओसरीवर आणि उंबऱ्याबाहेरच बसली.

या खर्चाचा हिशेब पहिल्यांदा खडसावून मागितला तो महात्मा जोतीराव फुले यांनी. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी सांगितले की, सरकारचे उत्पन्न येते कष्टकरी रयतेकडून आणि शिक्षणावरचा पैसा मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी त्यांची मागणी होती. लक्षात घेण्यासारखी दुसरी गोष्ट अशी की, मास्तरांचा पगार वाढवा, चांगले शिकलेले मास्तर नेमा, असेही त्यांनीच सांगितले. म्हणजे 'खर्च कमी करा' असे जोतीरावांनी म्हटले नाही. खर्च कोणासाठी होतो ते बघा, असे म्हटले.

आता आपल्या तालुक्याकडे येऊ. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर लष्करातून निवृत्त झाले आणि त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी हाती धरली. १८९५ साली महाड तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली. लोकल बोर्ड म्हणजे रस्ते, शाळा यांच्या पैशाचा विचार करणारी जागा. तिथे आपला एक माणूस खुर्चीवर बसला, एवढ्यानेच उच्चवर्णीय सभासदांचं डोकं फिरलं आणि त्यांनी बैठकांवर बहिष्कार टाकला. खर्चाच्या टेबलाशी कोण बसतो याला किती महत्त्व आहे, हे त्या सभासदांना आपल्यापेक्षा आधी कळलं होतं म्हणायचं!

त्यानंतर दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे. पोर हुशार, शिष्यवृत्तीची परीक्षा पास झालेलं. तरी महाडच्या इंग्रजी शाळेत प्रवेश मिळेना. वर्तमानपत्रातून तक्रार झाली तेव्हा कुठे दार उघडलं, पण बसण्याची जागा वेगळीच राहिली. शिष्यवृत्ती हा सरकारचा खर्चच ना? तो मंजूर झाला, पण वर्गातली जागा मंजूर झाली नाही. याच मोऱ्यांनी पुढे महाड परिषदेसाठी रान उठवलं.

४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव मंजूर करून घेतला. सरकारी पैशाने बांधलेली किंवा चालवलेली पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने, कचेऱ्या ही सर्व ठिकाणे अस्पृश्यांना खुली करावीत, असा तो ठराव. चवदार तळ्याचा ठराव म्हणून तो आपल्याला पाठ आहे. पण त्यात शाळाही होत्या, हे आपण विसरतो. १९२४ साली महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव वहीत राहिला, पाणी तळ्यात राहिलं, आणि आपली माणसं तहानलेलीच राहिली. म्हणून बोल्यांनी १९२६ साली दुसरा ठराव आणला: जी नगरपालिका किंवा लोकल बोर्ड हे अमलात आणणार नाही, तिचे अनुदान रोखा. नुसत्या ठरावाने भागत नाही, पैशाची नाडी धरावी लागते, हे त्यातून दिसून आलं.

आणि आता १९२७ चा मार्च महिना. १९ आणि २० मार्चची महाड परिषद व चवदार तळ्याचा सत्याग्रह लहान मुलालाही ठाऊक आहे. पण त्याच्या एकच आठवडा आधी, १२ मार्चला, बाबासाहेब मुंबईच्या कौन्सिलात शिक्षणाच्या अनुदानावर बोलत होते, हे किती जणांना माहीत आहे? त्यांनी सरकारपुढे आकडे मांडले. इलाख्यात शिक्षणावर दरडोई खर्च अवघा १४ आणे, आणि दारूवरच्या अबकारी करातून लोकांकडून वसूल होतात दरडोई २ रुपये २ आणे ९ पै. निदान दारूतून जेवढं घेता तेवढं तरी शिक्षणावर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे. पण ते एवढ्यावर थांबले नाहीत. प्राथमिक शाळेत शिरलेल्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत फक्त १८ पोहोचतात, उरलेली ८२ पुन्हा निरक्षर होतात, हेही त्यांनी दाखवून दिले. म्हणजे त्या ८२ पोरांवर झालेला खर्च पाण्यातच गेला.

बंधू-भगिनींनो, या दोन आकड्यांत सगळा प्रश्न आला. पैसा पुरेसा आहे काय, हा एक. आणि त्या पैशाने पोर शिकलं काय, हा दुसरा. पहिलाच विचारला तर इमारती वाढतात, पोर तसंच राहतं. दुसराच विचारला तर 'पोरं शिकत नाहीत, मग खर्च कशाला' म्हणून शाळाच बंद करायला निमित्त मिळतं. बाबासाहेबांनी दोन्ही एकदम विचारले. पुढच्या आठवड्यातल्या महाड परिषदेनेही मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची आणि वसतिगृहांना मदतीची मागणी ठरावात घातली.

त्यानंतर काळ बदलला. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि वाडी-वाडीवर शाळा गेली. आमच्यापैकी बरेच जण त्या एकशिक्षकी शाळांतच शिकले. चार इयत्ता एका खोलीत, पावसाळ्यात कौलांतून गळती, पण मास्तर होते म्हणून बाराखडी आली आणि पुढे मुंबईची वाट दिसली. हे ऋण आम्ही नाकारत नाही. पुढे १९९५ पासून पोषण आहार आला. त्याआधी १९९२ साली दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्त मुलींना हजेरीसाठी रोज १ रुपया भत्ता सुरू झाला. हेतू चांगला. पण तीस वर्षं झाली तरी तो रुपया रुपयाच राहिला! १९९२ च्या रुपयात पेन्सिल यायची, पुढे त्यात खोडरबरही येईना. योजना चालू, खर्च चालू, उपयोग मात्र झिजून गेला. खोली रंगवलेली, शौचालय बांधलेलं, पण नळाला पाणी नाही, अशी शाळाही आम्ही पाहिली आहे. खर्च पडला, बिल निघालं, पोरगी मात्र दुपारीच घरी परतली.

पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांचा प्रश्न आणखी बिकट आहे. घरची कर्ती माणसं मुंबई-पुण्याला पोटासाठी गेलेली, त्यामुळे पट घसरतो. २०२३ साली राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा जवळपास १५ हजार असल्याचे पुढे आले आणि त्या एकत्र करून समूह शाळा काढण्याचे प्रस्ताव मागवले गेले. हिशेबाच्या वहीत हे बरोबर दिसतं. सहा पोरांमागे एक मास्तर, खर्च जास्त. मोठ्या शाळेत सोबती मिळतात, विषयाला शिक्षक मिळतो, हेही खोटं नाही. पण आषाढात ओढा दुथडी भरला की सात वर्षांची पोर पलीकडे जाणार कशी? जी शाळा तिला गाठता येत नाही, तिच्यावरचा खर्च तिच्यासाठी शून्यच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पाचवीपर्यंतची शाळा घराजवळ, एक किलोमीटरच्या आत मागितली आहे, ती याचसाठी.

याच कायद्याने आपल्या हाती एक किल्लीही दिली आहे. शाळा व्यवस्थापन समितीत चारांपैकी तीन सभासद पालक असावेत, निम्म्या महिला असाव्यात, वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असावी, असे त्यात लिहिले आहे. आलेल्या अनुदानाच्या वापरावर लक्ष ठेवणे हे त्या समितीचे कामच आहे. गोपाळबाबांना ज्या बैठकीत बसू देणं जड गेलं, तशा बैठकीची खुर्ची आज आपल्या आया-बहिणींसाठी राखून ठेवलेली आहे. आणि आपण काय करतो? घरी आलेल्या वहीवर सही करतो आणि बैठकीला जात नाही!

म्हणून आमची विनंती आहे. ज्यांची पोरं शाळेत आहेत त्यांनी पुढच्या बैठकीला जावं आणि तीनच गोष्टी विचाराव्यात. यंदा पैसा किती आला? तो कशावर खर्च झाला? आणि तिसरीतल्या पोराला धडा वाचता येतो काय? भांडायला जाऊ नये, मास्तरांना शत्रू समजू नये. चांगला मास्तर असा प्रश्न विचारणाऱ्या पालकाची वाटच पाहत असतो. ज्यांची पोरं मोठी झाली त्यांनी वाडीवरच्या पोरांचा एक धडा आठवड्यातून एकदा ऐकावा. विहाराच्या वर्गणीची पावती मागणारी आजी आमच्याकडे आहेच. तिला आता शाळेच्या बैठकीलाही घेऊन चला.

जयभीम.