कार्ल्याला जाण्याआधी: लेणं, देवी आणि गर्दी



आजचा विषय ऐकायला अगदी साधा आहे. कार्ल्याला जायचं, तर कधी जायचं आणि कसं जायचं? तुम्ही म्हणाल, यात इतिहास कुठे आला? गाडी ठरवायची, पहाटे निघायचं, एकवीरा आईचं दर्शन घ्यायचं, येताना लोणावळ्यात चिक्की घ्यायची, झालं. पण ज्या ठिकाणी दोन हजार वर्षं माणसांची ये-जा चालू आहे, तिथे जाण्याच्या वाटेलाही इतिहास असतो. तो माहीत असला तर एरवी नजरेतून सुटणारं बरंच काही दिसतं. आणि दुसरं, जास्त महत्त्वाचं म्हणजे, आपली माणसं सुखरूप घरी येतात. ही दुसरी गोष्ट भोंगवलीत बसून मुद्दाम बोलायला हवी. त्याचं कारण पुढे येईलच.

आधी कार्लं म्हणजे काय ते पाहू. पुणे जिल्ह्यातच, मावळ तालुक्यात, लोणावळ्याच्या अलीकडे वेहेरगाव आहे. गावामागच्या डोंगरात मधल्या उंचीवर ही लेणी आहेत. समोर इंद्रायणीच्या खोऱ्यापलीकडे लोहगड, विसापूर आणि भाज्याची लेणी. त्या काळी कोकणातल्या सोपारा, कल्याण या बंदरांतून माल घाट चढून वर यायचा आणि पुढे जुन्नर, तेर, पैठणकडे जायचा. घाटमाथ्यावर पोचलेले व्यापाऱ्यांचे तांडे याच परिसरात विसावायचे. म्हणून भिक्षूंचे विहारही इथेच झाले. आडरानात लेणी खोदली हा आपला समज आहे. त्या काळचा विचार केला तर ही लेणी हमरस्त्याला लागून होती!

यातलं मोठं चैत्यगृह साधारण इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं. लांबी सुमारे 38 मीटर, रुंदी आणि उंची सुमारे 14 मीटर. भारतात खडकात कोरलेल्या चैत्यगृहांत एवढं मोठं दुसरं नाही. आत दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खांब, त्यांच्या माथ्यावर गुडघे टेकून बसलेले हत्ती आणि त्यांच्यावर स्वार झालेली जोडपी. टोकाला स्तूप, स्तूपामागे सात साधे खांब. आणि वर मान करून पाहा. छताला ज्या कमानी दिसतात त्या खऱ्या लाकडाच्या आहेत, त्या काळच्या. दोन हजार पावसाळे गेले, लाकूड अजून जागेवर आहे.

आता हे कोणी केलं? परंपरा सांगते की पांडवांनी एका रात्रीत केलं. आपल्याकडे कोणतंही अवाढव्य काम पांडवांच्या नावावर लागतं, त्यात त्या कामाबद्दलचा आदर असतो. पण भिंतीवर लिहिलंय ते वेगळं आहे. ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत, कोणी काय दिलं याची नोंद तिथे दगडातच आहे. वैजयंतीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बनवासीचा, भूतपाल नावाचा श्रेष्ठी. हे शैलगृह साऱ्या जंबुद्वीपात उत्तम आहे, असं त्याच्या लेखात अभिमानाने म्हटलंय. दाराबाहेरचा सिंहस्तंभ अग्निमित्रणक नावाच्या महारठीने दिला. एका दाराचा खर्च सिंहदत्त नावाच्या गंधिकाने, म्हणजे अत्तर-सुगंध विकणाऱ्याने केला. दाराचं काम सामी नावाच्या सुताराने केलं, त्याचंही नाव आहे. एक खांब सोपाऱ्याच्या भिक्षूचा. धेनुकाकट नावाच्या गावातल्या यवनांनी, म्हणजे ग्रीक म्हणवणाऱ्या लोकांनी, कितीतरी खांब दिले.

लक्षात घ्या, हे एका राजाचं काम नव्हे. ही वर्गणी आहे. आपण गावातल्या देवळाचा जीर्णोद्धार करतो, पायरीवर नावं कोरतो, फरशीवर नावं कोरतो, तसंच. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने इथल्या भिक्षूंना एक गाव दिलं. पुढे सत्ता बदलली, सातवाहन आले. त्यांच्या राजवटीतही इथल्या संघाला गावाचं उत्पन्न मिळत राहिलं. त्या लेखात 'मामाल' प्रांताचा उल्लेख आहे. मावळ हे नाव त्यातूनच आलं असं अभ्यासक मानतात. हिरडस मावळ, गुंजण मावळ म्हणणारे आपण भोर-वेल्ह्याचे लोक. आपल्या मुलखाच्या नावाचं इतकं जुनं रूप कार्ल्याच्या भिंतीवर आहे. निदान तेवढ्यासाठी तरी त्या भिंतीपुढे दोन मिनिटं उभं राहायला हवं.

आता मी मूळ मुद्द्यावर येतो. चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीला दारं किती? तीन. मधलं दार मधल्या दालनात उघडतं. बाजूची दोन दारं खांबांच्या बाहेरून जाणाऱ्या अरुंद वाटांमध्ये उघडतात. ही वाट डावीकडून सुरू होते, स्तूपाच्या मागून वळते आणि उजवीकडून परत येते. म्हणजे डाव्या हाताच्या दाराने आत शिरायचं, स्तूप उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा घालायची आणि उजव्या हाताच्या दाराने बाहेर पडायचं. जाणारा आणि येणारा समोरासमोर येण्याचं कारणच नाही. मधल्या दालनात बसलेल्यांनाही धक्का नाही. एकोणिसाव्या शतकात जेम्स फर्ग्युसन यांनी या लेण्याचं वर्णन केलं, त्यात आणखी एक बारकावा आहे. बाजूच्या दारांपाशी पाण्याची उथळ कुंडं आहेत. आत जायचं तर त्या पाण्यातून पाय धुऊनच जावं लागावं, अशी. पाय धुतले जातात हे तर झालंच. पण पाण्यात पाऊल टाकताना माणूस आपोआप हळू होतो, हेही बघा.

हे मी का सांगतो? ज्यांनी हे खोदलं त्यांनी मूर्तिकामाइतकाच माणसांच्या पावलांचा विचार केला होता. आत कुठून, वळायचं कुठे, बाहेर कुठून. हा विचार दगडात एकदा चुकला की दुरुस्त करता येत नाही, म्हणून तो आधीच करावा लागला.

आणि हा विचार झाला नाही तर काय होतं, ते आपल्याला कोणी शिकवायला नको. मांढरदेवीचा डोंगर आपल्याला परका नाही. भोरहून घाट चढून आपण काळूबाईला जातो. 25 जानेवारी 2005, शाकंभरी पौर्णिमा, यात्रेचा मुख्य दिवस. लाखोंची गर्दी. देवळाकडे जाणारी वाट अरुंद आणि उताराची, दोन्ही बाजूंना दुकानं. फोडलेल्या नारळांच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झालेल्या. माणसं घसरली, पडली, मागून रेटा चालूच राहिला. मग दुकानांना आग लागली, गॅसच्या टाक्या फुटल्या. जवळपास तीनशे माणसं गेली. सरकारने न्यायमूर्ती राजन कोचर यांचा चौकशी आयोग नेमला. त्यानंतर रस्ते, वाटा, बंदोबस्त याबद्दल बरंच बोललं गेलं.

त्या दिवसाबद्दल बोलताना 'लोक घाबरून पळाले' असं सहज म्हटलं जातं. यात मेलेल्यांनाच दोष दिल्यासारखं होतं. गर्दी दाटली की काय होतं ते समजून घ्या. एका चौरस मीटरमध्ये, म्हणजे साधारण एका लहान सतरंजीएवढ्या जागेत, सहा-सात माणसं उभी राहिली की कोणीच स्वतःच्या इच्छेने हलू शकत नाही. सगळा जमाव एका पाण्यासारखा सरकतो. पुढे कोणी पडलंय हे मागच्याला दिसत नाही, तो पुढेच ढकलत राहतो. माणूस पायाखाली येण्याआधीच छातीवरच्या दाबाने गुदमरतो. तिथे धाडस, श्रद्धा, ताकद, कशाचाही उपयोग नसतो. उपयोग असतो तो फक्त तिथे पोचण्याआधी केलेल्या विचाराचा.

आता पुन्हा कार्ल्याकडे वळू. एकवीरा आईचं देऊळ चैत्यगृहाच्या अगदी दारात आहे. एका बाजूला सिंहस्तंभ उभा आहे. दुसऱ्या बाजूलाही तसाच स्तंभ असावा असं अभ्यासक मानतात, आणि त्या बाजूला आज देऊळ आहे. कोळी, आगरी समाजाची ही आई. अनेक चांद्रसेनीय कायस्थ प्रभू घराण्यांची कुलदेवता. चैत्रात यात्रा भरते, चैत्र शुद्ध सप्तमीला पालखी निघते, कोकणपट्टीतून माणसांचे लोंढे येतात. नवरात्रातही तसंच. बुद्धाचा स्तूप आणि आईचं देऊळ एका अंगणात आहेत. काहींना यात भांडण दिसतं. मला त्यात एका जागेवर सलग टिकलेली माणसांची ओढ दिसते. पण अंगण एकच आहे आणि डोंगराच्या पोटात आहे, ते वाढवता येत नाही. म्हणून विचार आपणच करायचा.

तर मग इथून जायचं कसं? भोंगवलीहून पुणे-सातारा महामार्गाला लागायचं, पुणं ओलांडायचं आणि जुन्या मुंबई रस्त्याने वडगाव, कामशेत करत कार्ला फाट्याला वळायचं. शंभर-सव्वाशे किलोमीटरचं अंतर. गाडी नसेल तर पुण्याहून लोणावळ्याची लोकल धरून मळवलीला उतरायचं. पुढे चढ आणि काहीशे पायऱ्या आहेत.

पहिली गोष्ट, दिवस. नवस यात्रेच्याच दिवशी फेडायचा असेल तर त्या दिवशी फक्त देवीचं दर्शन घ्या, लेणं दुसऱ्या फेरीला ठेवा. यात्रेच्या रेट्यात लेणं दिसत नाही, आणि लेण्यासाठी रेंगाळणारा माणूस गर्दीत अडथळा होतो. नवस नसेल तर चैत्र यात्रा, नवरात्र, रविवार आणि सुट्ट्या टाळा. आठवड्यातला मधला दिवस धरा. पावसाळ्यात डोंगर सुंदर दिसतो, पण पायऱ्या ओल्या असतात. म्हाताऱ्या माणसांना त्या दिवसांत नेऊ नका.

दुसरी गोष्ट, वेळ. लेण्याच्या वेळा केंद्राचं पुरातत्त्व खातं ठरवतं, देवळाच्या वेळा देवस्थान. दोन्ही आदल्या दिवशी विचारून घ्या. चैत्यगृहाचं तोंड साधारण पश्चिमेकडे आहे, त्यामुळे दुपारनंतर वरच्या मोठ्या कमानीतून उजेड आत उतरतो. सकाळी दर्शन, मग जेवण, आणि दुपारी लेणं, असा बेत केला तर घाई होत नाही.

तिसरी गोष्ट, माणसं. तीस जण असाल तर तीस जणांनी एकदम रांगेत घुसू नका. अर्धे दर्शनाला, अर्धे लेण्यात, मग अदलाबदल. प्रत्येक गटात एक जाणता माणूस ठेवा. चुकलं तर कुठे भेटायचं ते चढायच्या आधी खाली उभं राहून ठरवा. लहान मुलांच्या खिशात नाव आणि फोन नंबरची चिठ्ठी ठेवा. डोंगरात फोनवर सगळी भिस्त ठेवू नका. नारळ फोडायची जागा ठरलेली असेल तिथेच फोडा, वाटेवर मुळीच नाही. याचं कारण आता वेगळं सांगायला नको. आणि रांग थांबली की आपणही थांबायचं. पुढे ढकलायचं नाही, मागच्यांना हात वर करून थांबवायचं. खूप दाटी झाली तर छातीपुढे हात धरा, कडेला सरका, दर्शन सोडून द्या. आई काही पळून जात नाही.

चौथी गोष्ट, हात. खांबांना, मूर्तींना हात लावू नका, टेकून फोटो काढू नका. लेखांवर कुंकू, तेल, खडू लावू नका. स्वतःचं नाव कोरायची हौस असेल तर त्या सुताराचं, सामीचं नाव आठवा. त्याने आधी दार घडवलं, नाव मागून आलं.

आणि आत गेलात की डावीकडच्या वाटेने हळूहळू स्तूपामागून फिरून या. मग मधल्या दालनात दहा मिनिटं बसा, गप्प बसा. मुलांना सांगा, हे अत्तरवाल्याने, व्यापाऱ्याने, भिक्षूने, परदेशातून आलेल्या माणसाने मिळून उभं केलंय. इतक्या वेगवेगळ्या माणसांनी एकत्र येऊन सगळ्यांना नीट आत-बाहेर करता येईल अशी जागा केली. मांढरदेवीला ज्यांची माणसं गेली, अशी घरं आपल्या आसपास आजही आहेत. त्यांच्याकडे पाहून एवढं तरी ठरवू या, की कुठल्याही यात्रेला निघण्याआधी आदल्या रात्री घरात एकदा बसायचं आणि दिवस, वाट, भेटायची जागा आणि परतायची वेळ ठरवायची. पंधरा मिनिटांचं काम आहे.

कुणाला कार्ल्याच्या लेखांबद्दल किंवा प्रवासाबद्दल काही विचारायचं असेल तर आता जरूर विचारा. माझं बोलणं इथे थांबवतो. नमस्कार.