घर बांधणारी बाई

इमारतींचा इतिहास वाचू लागले, की त्यात दोन नावे हटकून भेटतात. एक, ज्याने पैसा पुरवला त्याचे. आणि दुसरे, जो तेथे राहिला त्याचे. ज्याने नकाशा काढला त्याचे नाव कधी मिळते, कधी मिळत नाही. ज्यांनी माती तुडवली, चुना मळला, विटा डोक्यावरून वाहिल्या, त्यांची नावे तर कोणी टिपूनच ठेवलेली नसतात. या बांधणाऱ्यांमध्ये स्त्रिया किती होत्या, त्यांच्या वाट्याला कोणते काम आले आणि कोणता मान आला, हा प्रश्न मग मागेच राहून जातो. आम्ही वास्तुशास्त्र शिकलेलो नाही. हयातीचा बराच काळ कामगारांच्या संघटनेत गेला, आणि जे थोडेबहुत वाचले ते सार्वजनिक ग्रंथालयाच्या बाकावर बसून. तथापि हा प्रश्न वर्ध्याच्या श्रोत्यांपुढे मांडण्यास आम्ही कचरत नाही. कारण आपल्या जिल्ह्यातील सर्वांत प्रसिद्ध घर एका बाईने बांधलेले आहे.

ते घर म्हणजे सेवाग्रामची बापूकुटी.

मॅडेलिन स्लेड ही इंग्रजी आरमारातील एका ॲडमिरलची मुलगी, जन्म १८९२ चा. रोमाँ रोलाँ यांच्याकडून तिने गांधीजींविषयी ऐकले आणि १९२५ च्या नोव्हेंबरात ती साबरमतीस आली. तेथे तिची मीराबेन झाली. पुढे गांधीजींचा मुक्काम वर्ध्यास हलला, तेव्हा मीराबेन शहरात न राहता खेड्यात राहावयास गेल्या. प्रथम वर्ध्यालगतच्या सिंदीस आणि नंतर पाच मैलांवरच्या सेगावास. जमनालाल बजाज या गावाचे मालगुजार होते. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी सेगावात आले. सामान आसपासचे असावे, हात गावातले असावेत आणि खर्च बेताचा असावा, अशी त्यांची अट होती. ती पाळून घर उभे करण्याची जबाबदारी मीराबेनवर आली. बलवंतसिंह आणि मुन्नालाल शहा हे त्यांच्या मदतीस होते. असे जे घर उभे राहिले त्यास आपण आज ‘आदि निवास’ म्हणतो. त्यानंतर मीराबेननी जवळच स्वतःसाठी एक लहानशी कुटी बांधली. पुढे त्या शेजारच्या वरोड्यास गेल्या, गांधीजी त्या कुटीत राहू लागले, आणि तीच बापूकुटी झाली. टपालात शेगावशी घोटाळा होत असे म्हणून १९४० साली सेगावचे सेवाग्राम झाले.

आता हे घर बांधकामाच्या नजरेने पाहू. मातीच्या भिंती, लाकडाचे खांब, बांबूचे छत, वर कवेलू आणि खाली सारवलेली जमीन. आपल्याकडे वैशाखात पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो. जाड मातीची भिंत ते ऊन दिवसभर सोसते आणि आत लवकर पोचू देत नाही. मातीचा वैरी म्हणजे पाऊस. म्हणून छपराचा उतार खाली ओढून घेतलेला आणि बाहेर पडवी. पडवीमुळे भिंत भिजत नाही, सावली मिळते आणि आल्यागेल्यास बसावयास जागाही होते. भिंतीवर मीराबेननी मातीचीच उठावाची चित्रे केली; ताडामाडाची झाडे आणि चरखा त्यांत आहेत. जागा निवडणे, मापे ठरवणे, वाऱ्याची आणि उन्हाची दिशा पाहणे, सुतारांकडून व मजुरांकडून काम करवून घेणे, सामानाचा हिशेब ठेवणे, यालाच वास्तुविशारदाचे काम म्हणतात. मीराबेननी ते सर्व केले. त्या मात्र ‘बापूंच्या शिष्या’ म्हणूनच इतिहासात राहिल्या. १९७८ साली इव्हान इलिच हा विचारवंत सेवाग्रामास आला, तेव्हा या झोपडीचा संदेश हाच त्याच्या भाषणाचा विषय होता. झोपडीची कीर्ती अशी साता समुद्रांपार गेली. आणि गंमत अशी, की १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याने ज्याची नोंदणी नाही त्यास ‘आर्किटेक्ट’ ही पदवी लावता येत नाही. म्हणजे आज मीराबेन असत्या तर त्यांना ती पाटी लावण्यास बंदी असती!

परंतु मीराबेन हे शिकल्या कोठून? ॲडमिरलच्या घरी मातीची भिंत कोणी शिकवली नसणार. त्या शिकल्या त्या गावाकडून. आणि गावात घराच्या भिंतीची जाणकारी बाईपाशी होती. वऱ्हाड-नागपुराकडचे जुने घर आठवा. पांढऱ्या मातीच्या भिंती किंवा तुराट्यांचे कूड. पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरायची, आणि पावसाळ्यानंतर भिंती पुन्हा लिंपायच्या. कवेलू फेरावयास पुरुष वर चढे. परंतु माती भिजवणे, तिच्यात भुसा किती आणि शेण किती हे हाताच्या अंदाजाने ठरवणे, भेग कोठून धरते हे ओळखणे आणि दरसाल साऱ्या भिंतीवर हात फिरवणे, हे काम बायकांचे. मातीचे घर एकदा बांधून संपत नाही. ते दरवर्षी थोडे थोडे बांधावे लागते. या अर्थाने आपल्या खेड्यांतील निम्मे बांधकाम शतकानुशतके स्त्रियांनी केले. मजुरी नाही, नाव नाही, म्हणून कोणी त्यास बांधकाम म्हटले नाही, इतकेच.

पुढे सिमेंट आले, त्याबरोबर ठेकेदार आला आणि मस्टर आले. थापी, ओळंबा आणि गुण्या ही हत्यारे गवंड्याच्या हातात, आणि गवंडी म्हणजे पुरुष. बाई बांधकामावर राहिलीच. परंतु मातीच्या घरात तिचा हात भिंतीवर होता, तो सिमेंटच्या घरात घमेल्याखाली आला. आपल्याकडे तिला ‘रेजा’ म्हणतात.

१९३६ हेच साल दुसऱ्या एका कारणानेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. सेगावात मीराबेन भिंती घालत होत्या, त्याच साली मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेतून पेरीन जमशेदजी मिस्त्री यांनी वास्तुशास्त्राची पदविका घेतली. रीतसर शिकलेल्या पहिल्या भारतीय स्त्री वास्तुविशारद म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. त्यांचा जन्म १९१३ चा, घराणे बांधकाम करणाऱ्यांचे. वडिलांच्या ‘डिचवाला, मिस्त्री आणि भेदवार’ या कचेरीत त्या काम करू लागल्या. कंबाला हिलवरील सेंट स्टीफन्स चर्च, कारमायकल रोडवरील सर बेहरामजी करंजिया यांचा बंगला आणि बोरिवलीची खटाव मिल ही त्यांची कामे. मिल हा कामगाराचा विषय, म्हणून त्या शेवटच्या कामाचे आम्हांस विशेष वाटते. बंगल्याची सजावट बाईवर सोपवावी इथपर्यंत पुष्कळांची तयारी असते. कारखान्याचे छप्पर, यंत्रांचे वजन आणि मजुरांची वर्दळ यांचा हिशेब बाईने करावा, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. पेरीनबाईंचे कर्तृत्व निःसंशय मोठे. परंतु दार उघडण्यास वडिलांची कचेरी होती, हेही विसरता येत नाही. ज्या मुलीस अशी कचेरी नव्हती तिने काय करावे?

हा प्रश्न केवळ आपल्या देशाचा नाही. अमेरिकेत डेनीज स्कॉट ब्राउन या आपले पती रॉबर्ट व्हेंचुरी यांच्या बरोबरीच्या भागीदार. १९९१ साली प्रिट्झकर हा वास्तुकलेतील सर्वोच्च मानाचा पुरस्कार मिळाला तो एकट्या पतीस. तोच पुरस्कार एखाद्या स्त्रीस प्रथम मिळाला तो २००४ साली, झाहा हदीद यांना. काम दोघांचे आणि नाव एकाचे, हा हिशेब सेगावपासून अमेरिकेपर्यंत सारखाच आहे.

नगररचनेतही हेच दिसते. नगररचना हा शब्द जड आहे, परंतु कामगारास त्याचा अर्थ चटकन कळतो. घर कोठे आणि काम कोठे, आणि या दोहोंमध्ये माणसाने आयुष्याचे किती तास घालवावेत, हे ठरवणारे ते शास्त्र. मुंबईची वस्ती उत्तरेकडे पसरत चाललेली आणि कचेऱ्या सगळ्या दक्षिणेच्या टोकास; गाड्या तुडुंब. अशा वेळी १९६५ साली ‘मार्ग’ या नियतकालिकात तिघांनी एक योजना मांडली, की शहर खाडीपलीकडे पूर्वेस वाढवावे, आणि घरांबरोबर कामही तिकडे न्यावे. ते तिघे म्हणजे चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबई प्रत्यक्षात येऊ लागली. प्रवीणाबाई जे. जे. मध्ये आणि नंतर शिकागोस शिकलेल्या. आज नव्या मुंबईचा विषय निघाला की कोरियांचे नाव लोकांच्या ओठांवर असते, पटेलांचेही कोणी घेते. प्रवीणाबाईंचे सांगावे लागते.

आणखी एक नाव आम्हांस जवळचे आहे. नीरा आडारकर या मुंबईच्या वास्तुविशारद. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडू लागल्या आणि त्यांच्या जमिनींवर नजरा गेल्या, तेव्हा आडारकर गिरणगावाच्या बाजूने उभ्या राहिल्या. मीना मेनन यांच्याबरोबर त्यांनी गिरणी कामगारांच्या तोंडून त्यांचा इतिहास लिहून घेतला. ते पुस्तक २००४ साली इंग्रजीत निघाले आणि पुढे मराठीतही आले. मुंबईच्या चाळींवरही त्यांनी ग्रंथ संपादित केला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निघालेल्या गिरण्यांभोवती आपले हिंगणघाट आणि पुलगाव वाढले. नळाची रांग, सामाईक गॅलरी, पाळीवरून येणाऱ्याची झोप, या गोष्टींनी वस्ती घडते हे तेथील माणसास सांगावे लागत नाही. आडारकरांनी ते वास्तुशास्त्रात नेऊन बसवले. नकाशा काढण्याआधी राहणाऱ्याचे ऐकावे, ही रीत त्यांच्या कामात दिसते.

पदवीवाचून बांधणाऱ्यांची परंपराही मीराबेनपाशी संपली नाही. दीदी कॉन्ट्रॅक्टर ही परदेशात जन्मलेली बाई लग्नानंतर नाशकास व मग जुहूस राहिली, आणि उतारवयात हिमाचलातील कांगडा खोऱ्यात माती, बांबू आणि स्लेटच्या पाट्यांची घरे बांधू लागली. वास्तुशास्त्राची पदवी नव्हती. होती ती स्वतः कमावलेली विद्या. त्या कामासाठी सरकारने त्यांना नारी शक्ती पुरस्कार दिला. २०२१ साली त्या वारल्या.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. शिकलेल्या स्त्रियांनी दार उघडले, आणि आज वास्तुशास्त्राच्या वर्गात मुलींची संख्या भरपूर आहे, ही आनंदाची गोष्ट. रेजा मात्र जेथे होती तेथेच आहे. १९७६ साली समान कामास समान वेतनाचा कायदा झाला. २०१९ च्या वेतन संहितेतही ते तत्त्व घेतले गेले. ठेकेदाराने त्यावर सोपी तोड काढली: बाईस समान काम द्यावयाचेच नाही. गवंड्याशेजारी ती वीस वर्षे उभी राहिली तरी मस्टरवर ती मजूरच. आमच्या माहितीतील एक बाई ओळंबा सोडण्यापूर्वीच भिंत कोणीकडे झुकली ते सांगत असे. तिच्या हाती थापी द्या, असे आम्ही तिच्या ठेकेदारास म्हटले. तो म्हणाला, ‘बाईने घातलेली भिंत गिऱ्हाईक घेत नाही.’ हे वर्धा जिल्ह्यात! येथे बाईने घातलेल्या भिंती पाहावयास देशोदेशींची माणसे येतात आणि दाराबाहेर चपला काढून आत जातात.

होणार नाही असे यात काही नाही. झारखंडात खेड्यांतून शौचालये बांधण्याची मोहीम निघाली, तेव्हा गवंडी कमी पडले आणि बायकांना थापी धरावयास शिकवले. त्यांना ‘रानी मिस्त्री’ हे नाव पडले. काम अडले तेव्हा बाई गवंडी होऊ शकते हे पटले. ते काम न अडताही पटावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

त्यासाठी मोठ्या ठरावांची गरज नाही. १९९६ च्या कायद्याने बांधकाम कामगारांच्या नोंदणीची आणि कल्याण मंडळांची वाट काढून दिली. त्या नोंदणीत बाईचा हुद्दा तिच्या कसबाप्रमाणे लिहिला जावा. जिल्ह्यात गवंडीकामाचे शिक्षण जेथे मिळते तेथे काही जागा रेजांसाठी राखाव्यात. आणि नगरपरिषदेच्या व ग्रामपंचायतींच्या कामांवर स्त्री गवंड्यांची एक तरी तुकडी असावी. येथे जमलेल्यांपैकी पुष्कळजण येत्या काही वर्षांत घर बांधतील. त्यांनी ठेकेदाराशी बोलणी करताना एक प्रश्न जरूर विचारावा: तुमच्याकडे थापी धरणारी बाई आहे काय? गिऱ्हाईक विचारू लागले, की ठेकेदारास उत्तर शोधावेच लागेल.