सुदामकाका, बर्लिनची भिंत आणि आमचा मामा

दिवाळीत बडनेऱ्याला मामाकडे गेलो होतो. जेवणं आटोपून ओसरीत बसलो आणि मामानं दरवर्षीचा प्रश्न टाकला, "काऊन रे, लाल बावटा येईन का परत?"

दरवर्षी मी हसून विषय बदलतो. पण मामा आता पंच्याऐंशीचा झाला. गिरणी बंद पडली, युनियनचे सोबती एकेक करून गेले, प्रश्न मात्र तसाच आहे. म्हणून यंदा जरा नीट उत्तर द्यावं म्हटलं. इथं लिहितो, त्याची नात त्याला वाचून दाखवेल.

आजच्या पोरांना खरं वाटणार नाही, पण अमरावतीनं एकदा कम्युनिस्ट खासदार निवडून दिला होता. १९८९ साली, भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे सुदाम देशमुख, म्हणजे सगळ्यांचे सुदामकाका. आणि मुहूर्त तरी काय! ९ नोव्हेंबरला बर्लिनची भिंत उघडली आणि त्याच महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आपल्याकडे लोकसभेचं मतदान झालं. तिकडे पूर्व युरोपात लाल झेंडे उतरत होते आणि इकडे गुलालानं माखलेला मामा मिरवणुकीत नाचत होता. मी तेव्हा अकोल्यात आठवीत होतो. मामाकडून आलेल्या 'सोव्हिएत देश'च्या गुळगुळीत पानांची कव्हरं माझ्या वह्यांना होती. तेवढाच काय तो माझा समाजवाद!

मामा म्हणतो, तो विजय लाल बावट्याचा होता. मला तसं वाटत नाही. त्याच निवडणुकीत शेजारच्या अकोल्यानं भाजपचे पांडुरंग फुंडकर निवडून दिले. वऱ्हाडी माणूस शंभर किलोमीटरच्या आत एवढा बदलतो होय? दोन्हीकडे राग काँग्रेसवर होता. गंमत म्हणजे दिल्लीत गेल्यावर भाजप आणि डावे या दोघांनीही व्ही. पी. सिंगांच्या सरकारला बाहेरून पाठिंबा दिला. वर्षभरात ते सरकार पडलं. १९९१ ला अमरावतीत काँग्रेसच्या प्रतिभाताई पाटील आल्या, आणि त्याच डिसेंबरात सोव्हिएत संघ विसर्जित झाला. मामा दोन दिवस नीट जेवला नव्हता, असं मामी सांगायची.

मामाचा हुकमी एक्का म्हणजे, "तिकडे तर परत आले ना!" आले, हे खरं आहे. पोलंडमध्ये जुन्या कम्युनिस्टांची आघाडी १९९३ ला निवडणूक जिंकली. रशियात १९९६ ला झ्युगानोव्ह येल्त्सिनविरुद्ध हरले, तरी दुसऱ्या फेरीत चाळीस टक्के मतं घेऊन. जर्मनीत थुरिंगिया राज्यात २०१४ ला डाव्या पक्षाचा मुख्यमंत्री झाला. पण पोलंडच्या त्या मंडळींनी बाजारपेठच चालवली. आणि रशियातली म्हातारी माणसं मत देत होती ती बुडालेल्या पेन्शनसाठी, हातच्या गेलेल्या नोकरीसाठी. क्रांतीसाठी नव्हे. त्यांना परत मागायला काहीतरी होतं.

आपल्या वऱ्हाडानं काय परत मागायचं? मी बराच विचार केला, तर एकच गोष्ट सापडली, आणि ती कम्युनिस्टांनी आणलेलीच नाही. कापूस एकाधिकार खरेदी. १९७२ मध्ये काँग्रेसच्या राज्यात ती सुरू झाली. सगळा कापूस सरकार घेणार, व्यापारी मध्ये नाही. चुकारे रखडायचे, ग्रेडरच्या नावानं बोटं मोडली जायची, योजना तोट्यात गेली आणि २००० नंतर मोडीत निघाली. शरद जोशींच्या मागे गेलेल्या आपल्याच लोकांना भाव हवा होता, सरकारची मालकी नको होती. आणि तरी आज बाजारात कापूस पडला की तीच माणसं म्हणतात, एकाधिकार बरा होता बाप्पा. आमचे बाबाही म्हणत. ही ओढ खरी आहे. पण ती लाल बावट्याच्या पेटीत का पडावी?

दुसरं म्हणजे इथला शेतमजूर मुख्यतः निळ्या झेंड्याखाली गेला. १९३८ च्या नोव्हेंबरात मुंबईत बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून संप केला होता. तो दोस्ताना टिकला नाही. साठ वर्षांनी, १९९८ ला, अकोल्यानं प्रकाश आंबेडकर आणि अमरावतीनं रा. सू. गवई लोकसभेत पाठवले. काँग्रेसची साथ होती हे खरं, पण लाल झेंड्याला जी माणसं हवी होती ती तिथं होती. जातीचा प्रश्न 'नंतर बघू' म्हणणाऱ्यांकडे ती कशाला थांबतील? हे मी मामाला बोललो की तो चिडतो. अजूनही चिडेल.

२०२३ मध्ये भाकपचा राष्ट्रीय पक्षाचा दर्जाही गेला. उलट २०१८ च्या मार्चमध्ये किसान सभेच्या झेंड्याखाली नाशिकहून मुंबईपर्यंत आदिवासी शेतकरी चालत गेले. वनजमिनीचा हक्क ही त्यांची रोजची लढाई होती, वर्षानुवर्षं लढलेली. डहाणूला २०१९ आणि २०२४ अशा दोन्ही वेळा माकपचा आमदार आला, तो तशाच जमिनीवर. आपल्याकडे मेळघाट आहे. वनहक्क तिथंही आहेत.

तर मामा, अमरावतीच्या मिरवणुकीत बावटा परत दिसेल असं मला वाटत नाही. पुढच्या वेळी येईन तेव्हा चिखलदऱ्याकडच्या गावांत जाऊन येऊ, वनहक्काचे दावे घेऊन बसलेली माणसं भेटतात का ते बघू. गुडघ्याचा पट्टा घालून ठेव.