गव्हाची बर्बन आणि तिची पारख

मद्यावर लिहिताना धर्मगुरूची लेखणी अडखळते. तरीही केंटकीच्या बर्बनचा इतिहास आपल्या वाचकांना अगदीच परका नाही. १७८५ साली बॅझिल हेडन यांच्या पुढारपणाखाली मेरीलँडमधील २५ कॅथलिक कुटुंबे अमेरिकेच्या या भागात येऊन वसली. १८०८ मध्ये बार्ड्सटाऊन येथे धर्मप्रांत स्थापन झाला. हेडन स्वतः मद्य गाळीत आणि मक्याच्या जोडीला राय हे तिखट चवीचे धान्य सढळ हाताने घालीत, असे सांगतात.

याच टापूत लोरेटो हे गाव आहे. १८१२ साली स्थापन झालेल्या लोरेटो भगिनींच्या संघाचे नाव त्याला मिळाले. (१८४१ साली कोलकात्यास आलेल्या लोरेटो भगिनी निराळ्या, त्यांची परंपरा मेरी वॉर्ड यांची.) १९५३ मध्ये बिल सॅम्युएल्स यांनी येथील जुनी भट्टी विकत घेतली आणि रायऐवजी गहू योजला. प्रत्येक मिश्रण गाळून, मुरवून पाहायचे तर वर्षे जातील, म्हणून त्यांनी त्या त्या धान्याचे पाव भाजून चाखले, अशी आख्यायिका आहे. पावावरून पारख करणारा हा गृहस्थ आम्हांला फार आवडतो. पहिली बाटली १९५८ मध्ये बाजारात आली. गव्हाची कल्पना मात्र त्यांची नव्हे. दारूबंदी १९३३ मध्ये उठल्यावर लुइव्हिलजवळ १९३५ साली सुरू झालेली स्टिट्झेल-वेलर ही भट्टी गव्हाचीच बर्बन गाळीत होती.

कायद्याने बर्बनमध्ये किमान ५१ टक्के मका हवा आणि ती आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिपात मुरायला हवी. मोड आणलेला जव पिष्टाची साखर करतो. उरला प्रश्न तिसऱ्या धान्याचा. राय स्वतः बोलते. गहू मुकाट राहतो आणि मक्याचा व लाकडाचा गोडवा लवकर पुढे येऊ देतो. पिपातून दरवर्षी काही मद्य उडून जाते, त्याला भट्टीवाले देवदूतांचा वाटा म्हणतात. वय वाढले की किंमत वाढते, ती काही अंशी या वाट्यामुळे. म्हणूनच थोडक्या वर्षांत पिण्याजोगी होणारी गव्हाची बर्बन बेताच्या मिळकतीच्या माणसाला परवडते.

पारख करताना प्रथम चिठ्ठी वाचावी. ‘स्ट्रेट’ बर्बन चार वर्षांहून कोवळी असेल, तर वय छापावेच लागते. मग घोटभरच ओतून, तोंड किंचित उघडे ठेवून वास घ्यावा. व्हॅनिला व जळक्या साखरेचा वास लाकडाचा, ताज्या पावाचा धान्याचा. कच्च्या पिठाचा उग्र दर्प आला, किंवा घोटानंतर जिभेवर ओल्या फळीचा कडवटपणा राहिला, तर पिपाने काम पुरे केलेले नाही. अशा वेळी गव्हाच्या नावाने तिला माफी देऊ नये. शेवटी पाण्याचे चार थेंब घालावेत. चांगली असेल तर वास उलगडतो. नुसतीच पातळ असेल तर उरलीसुरली चवही जाते.

गव्हाचा मऊपणा वेगळा आणि पाण्याचा वेगळा, हे गिऱ्हाइकांना पक्के कळते. फेब्रुवारी २०१३ मध्ये लोरेटोच्या याच मेकर्स मार्कने मागणी पुरी पडेना म्हणून मद्यार्काचे प्रमाण ४५ टक्क्यांवरून ४२ वर आणण्याचे जाहीर केले. एवढा गदारोळ उठला, की काही दिवसांतच निर्णय मागे घ्यावा लागला.